दोन बोटं कमी

१ ऑगस्टला महिना उरला होता. आमच्या वस्तीत एक माणूस आला. पांढरा शर्ट, काखेत बॅग. बॅगेतनं त्यानं मखमल लावलेला पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यावर बिल्ले टाचलेले. मधी अण्णाभाऊंचा चेहरा, भोवती सोनेरी किरणं, खाली नाव. म्हणाला, एक ग्रॅम सोन्याचा मुलामा आहे. उलटा करून बघितला तर पाठीवर एका पुढाऱ्याचं नाव. पाचशे फुकट देतो, जयंतीला पोरांच्या छातीवर दिसले पाहिजेत, दुसरी अट नाही.

पोरं खूष झाली. का नाही होणार? फुकटात सोनं. मी एक हातात घेतला. वजन काही नाही. नखानं खरवडला तर नखाखाली सोनेरी भुगा आणि आत राखाडी काहीतरी. मी म्हणालो, नको. पोरं माझ्यावर खेकसली. एक म्हणाला, ‘तुला सगळ्यात नाट लावायची सवय हाय. कविता लिव्हतोस म्हणून काय आमचे साहेब झालास?’

दोस्तांनो, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. पाळी संपवून आलो होतो, डोकं चालत नव्हतं. आता देतो.

अण्णाभाऊ माझा लेखक आहे. माझा म्हणजे ज्याची पुस्तकं मी धक्क्यावर जेवणाच्या सुट्टीत, तेलकट हातानं पानं उलटून वाचली तो. मी दहावी पास. तो दीड दिवस शाळेत गेला असं सगळेच सांगतात. वाटेगावाहून बापाबरोबर चालत मुंबईला आला. कोळसा उचलला, गिरणीत राबला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपड्यात बसून लिहिलं. १८ जुलै १९६९ ला गेला तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्याच्यावर व्याख्यानं देणारे पुष्कळ आहेत, मी देत नाही. मला एवढंच विचारायचंय, या माणसानं सोन्याबद्दल काय लिहिलंय ते त्या मखमलवाल्यानं वाचलंय का? आणि आपण वाचलंय का?

‘स्मशानातलं सोनं’ घ्या. भीमा नावाचा गडी, अंगानं दांडगा, वारणाकाठचं गाव सोडून मुंबईला येतो. शहरात काम नाही, म्हणून उपनगरात, जंगलाकडेला, खाणीत दगड फोडतो. सहा महिन्यांत खाण बंद. घरी बायको, लहान पोर. हिंडता हिंडता त्याला मढ्याच्या राखेत अंगठी सापडते. तिथनं तो राख चाळायला लागतो. मग राख पुरत नाही, रात्री पुरलेली मढी उकरायला लागतो. कोल्ही मढ्यावर तुटून पडतात, हा कोल्ह्यांशी झुंजतो. कशासाठी? मेलेल्याच्या बोटातल्या, कानातल्या, तोंडात ठेवलेल्या गुंजभर सोन्यासाठी. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. डॉक्टर ती कापून टाकतात. आणि त्याच दिवशी कळतं की खाण परत सुरू झाली. दगड फोडायचं काम आलं, आणि हातोडा धरायला बोटं नाहीत.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा भुताची गोष्ट समजून वाचली. रात्रपाळीला भीती वाटावी म्हणून. नंतर धक्क्यावर लागलो आणि परत वाचली, तेव्हा कळलं की यात भूत कुठंच नाही. यात रोजगार आहे. खाण बंद असणं म्हणजे काय ते आहे. बारीक लक्ष देऊन बघा, गोष्टीतलं सोनं एकदाही कुणाच्या अंगावर शोभत नाही. ते राखेतनं निघतं, मातीतनं निघतं, विकलं जातं, पोटात जातं. सोनं म्हणजे दागिना ही वरच्या आळीतली समजूत. भीमासाठी सोनं म्हणजे उद्याचं पीठ.

दुसरं त्याची छक्कड, ‘माझी मैना गावावर राहिली’. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. ती तुम्ही लग्नाच्या बँडवरसुद्धा ऐकली असेल. मुंबईला निघालेला गडी बायकोची समजूत घालतो. हा दागिना आणीन, तो आणीन, गळ्यातला, कानातला, दंडातला, नाकातला, एकेक नाव घेऊन सांगतो. तरी बाई खुलत नाही. तिला ठाऊक आहे मुंबई काय चीज आहे ते. एवढी दागिन्यांची नावं माहीत असलेला लेखक, आणि त्याच्या लिहिण्यात दागिना येतो तो कसा? एकतर न पाळता येणारं वचन म्हणून, नाहीतर मढ्याच्या अंगावरची वस्तू म्हणून. अशा माणसाचं तोंड तुम्ही सोन्याच्या पाण्यात बुडवून पाचशे नग वाटणार. आणि पाठीवर दुसऱ्याचंच नाव! भीमानं मढ्याच्या अंगठीवर तरी कुणाचं नाव कोरलं नव्हतं.

कोणी म्हणेल, टपाल तिकीट निघालं २००२ साली, चार रुपयांचं. मॉस्कोत पुतळा झाला २०२२ साली. तिथं चेहरा चालतो, मग बिल्ल्यावर का नको? तिकीट पाकिटावर डकवतात, पुतळा चौथऱ्यावर उभा राहतो. बिल्ला माणूस आपल्या अंगावर लावतो. अंगावर लावलेली वस्तू अंगावरच्या माणसाबद्दल बोलते. मला अण्णाभाऊचा चेहरा छातीवर लावून ‘मी याचा भक्त’ असं सांगायचं नाहीये. भक्त फार झाले. मला त्यानं जे दाखवलं ते लावायचंय.

मग ठरवलं, आपणच करू. आमच्यातला एक दोस्त भुलेश्वरच्या बाजूला कारखान्यात पॉलिशचं काम करतो. सोन्याचं नाही, नकली दागिन्यांचं. पण डाग द्यायला, कानस मारायला, तार ओढायला तो शिकलाय, तेही कुणी हात धरून शिकवलं नाही, बघून बघून. त्याची एक जुनी ऐरण, सांडशी, फुंकणी. माझी जागा, म्हणजे घरापुढचा चार फुटांचा ओटा.

पहिली कल्पना माझी. लोखंडाची अंगठी. खाणीचं हत्यार लोखंडाचं, धक्क्यावरचा हूक लोखंडाचा, म्हणून लोखंड. एक करून बोटात घातली आणि कामावर गेलो. मुकादमानं बघितली, म्हणाला, ‘साडेसाती लागली काय रे?’ दुपारपर्यंत तिघांनी शनीचा उपाय म्हणून चौकशी केली. एकानं तर घोड्याच्या नालेची आहे का म्हणून विचारलं. संध्याकाळी काढून टाकली. हे ध्यानात ठेवा, आपल्या देशात धातू मुका नसतो. लोखंडावर शनी बसलाय, तांब्यावर देवपूजा, सोन्यावर लक्ष्मी. तुम्ही काहीही घडवा, आधी बसलेले उठत नाहीत.

दुसरी कल्पना दोस्ताची. ‘फकिरा’ची तलवार, बारीक, गळ्यात घालायला. ‘फकिरा’ मलाही प्रिय आहे. पण तलवारी गळ्यात घालून फिरणारी पोरं कुठल्या मिरवणुकीत जातात ते आपण बघतोच. तलवार बाद.

तिसरी कल्पना त्याच्या भाषणातनं आली. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर तोललेली आहे असं पोथ्या सांगतात. त्यांनी सांगितलं, नागाच्या नाही, ती दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे. हे वाक्य आपण फलकांवर इतक्यांदा रंगवलंय की आता वाचताना डोळा घसरून जातो. पण घडवायला बसा, म्हणजे कळतं. तळहात. त्यावर गोळा. झालं. आणखी काही लागत नाही.

दोस्त म्हणाला, ‘लोक म्हणतील पंजा. कुठल्या पक्षाचा म्हणून विचारतील.’ खरंच होतं. पाच बोटांचा उघडा हात या देशात निवडणुकीचा हात आहे. दोन दिवस काम थांबलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या टोळीतले काका धक्क्यावर चहाला भेटले. टोळीतले म्हणजे पूर्वीचे. क्रेनखाली स्टीलच्या कॉइलला स्लिंग घालताना वरनं इशारा चुकला, स्लिंग ताणली, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं. ठेकेदारानं दवाखान्याचा खर्च दिला, वर थोडे पैसे दिले आणि कागदावर अंगठा घेतला. अंगठा शिल्लक होता ना. आता ते गेटबाहेर चहा-बिस्किटाची पेटी लावतात. ते ग्लास धरतात तसं ग्लास धरणारा माणूस तुम्ही बघितला नसेल, अंगठा आणि शेवटची दोन बोटं. चहा सांडत नाही.

मी त्या हाताकडे बघत राहिलो. भीमाची बोटं डोक्यात होतीच. ‘काका, हात देता का कागदावर?’ त्यांनी विचारलं, ‘आता कशावर अंगठा?’ सगळं सांगितलं. भीमाची गोष्ट पण सांगितली. ऐकून म्हणाले, ‘त्याची तरी सोन्यापायी गेली.’ आणि हात पुढे केला.

आता घडवायचं कसं ते सांगतो, कारण कुणाला करावंसं वाटलं तर आमच्या चुका परत करू नयेत.

पितळ दारूखान्यातनं आणलं, भंगारातला पत्रा, किलोच्या भावानं. तुटलेल्या बोटीतनं आलेलं असेल, कुणी सांगावं. हाताला शाई लावून कागदावर छाप घेतला. झेरॉक्सवाल्याकडनं तो लहान करत करत रुपयाच्या नाण्याएवढा आणला. कागद पत्र्यावर खळीनं चिकटवायचा, वाळू द्यायचा, मग बारीक पात्याच्या आरीनं कडेकडेनं कापायचं. पात्याला साबण लावा, नाहीतर अडकतं. साबण लावूनही मोडतंच. पहिल्या रात्री माझ्या हातनं नऊ पाती मोडली. दोस्त म्हणाला, ‘तू आरी ओढत नाहीस, तू गोणी ओढतोस.’ खरंय. धक्क्यानं माझ्या हाताला एकच जोर शिकवलाय. इथं जोर लावला की हरलात. मनगट सोडून द्यायचं, पात्याला आपल्या वजनानं जाऊ द्यायचं. मला हे शिकायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की माझा हात हूक धरण्यापलीकडेही काही करू शकतो.

कापून झालं की कडा कानशीनं मऊ करायच्या. मग पितळ लाल होईपर्यंत तापवून थंड करायचं, म्हणजे नरम पडतं. लाकडात खोलगट खड्डा करून त्यात ठेवून हलक्या हातोडीनं ठोकायचं. तळहाताला खोली येते. फार तापवू नका. पितळात जस्त असतं, जादा तापलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो. दोस्ताला एकदा भरला होता. कारखान्यात त्याची गणती सर्दीत होते.

पृथ्वीसाठी तांबं. विजेच्या वायरीतली तार सोलून तुकडे केले. तुकडा कोळशावर ठेवून फुंकणीनं जाळ मारला की तार वितळते आणि वितळल्या वितळल्या आपोआप गोल गोळी होते. मला हे माहीत नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो. चाक नाही, साचा नाही, धातू आपलाआपण गोळा होतो. एकसारखे तुकडे कापले तर एकसारख्या गोळ्या. गोळी तळहातावर ठेवायची, टाकणखार लावायचा, चांदीच्या मिश्रणाचा डाग द्यायचा. शेवटी चिंचेच्या पाण्यानं घासायचं. पितळ पिवळं, गोळी लाल. मुलामा नाही. काळं पडेल. पडू द्या, परत चिंच लावा.

पिन सगळ्यात शेवटी. ती जास्त तापवली तर तिचा ताठा जातो, म्हणून तिला कथलाचा डाग, कमी आचेवर.

कथील म्हटल्याबरोबर आजी बोलली. ती उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. ‘कथील? कथील तर आमच्या सासूनं काढून फेकलं व्हतं.’

ही गोष्ट आपल्यातल्या शिकलेल्या पोरांना ठाऊक असते, पण नुसती ठाऊक असते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. त्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी बायांची वेगळी सभा घेतली आणि सांगितलं, लुगडं नेसायची ती पद्धत सोडा, गळाभर आणि हातभर ते कथलाचे, हलक्या धातूचे दागिने सोडा, कारण त्यावरनं तुम्ही कोण ते लांबनं ओळखू येतं. बायांनी ऐकलं. आपल्या आयांना दागिन्यांची हौस नव्हती असं नाही. सोनं त्यांना कुणी घालू दिलं नाही, आणि जे घालू दिलं ती जातीची पाटी होती. आजीची सासू महाडला नव्हती. पण तिच्या गावात ती गोष्ट पोचली आणि तिनं कोपरापर्यंतच्या पाटल्या उतरवल्या. हातावर पांढरे पट्टे राहिले होते म्हणे, किती तरी महिने.

आजी म्हणाली, ‘त्यांनी वळखू येऊ नये म्हणून काढलं. तुम्ही वळखू यावं म्हणून घालताय. मग शहाणं कोण?’

मी तिला उत्तर दिलं. म्हटलं, आजी, ते दुसऱ्यानं घालायला लावलं होतं, हे आपण आपल्या मर्जीनं घालतोय. मनगटातली बेडी आणि छातीवरचा बिल्ला एक नाही. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘नोकरी मागायला जाताना लावून जाशील का?’

मी गप्प. दोस्तांनो, खरं सांगतो, मागच्या वर्षी एका गोदामात मुलाखतीला गेलो तेव्हा खिशातला पेनसुद्धा निळ्या टोपणाचा नको म्हणून काळा घेतला होता. आजीला ते ठाऊक होतं. म्हणून मी या लेखात ‘आम्ही बिल्ला लावतो म्हणजे क्रांती करतो’ असलं काही लिहिणार नाही. बिल्ला लावणं सोपं आहे जिथं सगळ्यांनीच लावलाय तिथं. जयंतीच्या मैदानात काय, कुणीही लावेल. बाबासाहेबांचा मुद्दा मैदानाचा नव्हता, रस्त्याचा होता.

दुसरा सवाल आपल्यातलाच, आणि तो मला जास्त टोचला. एकानं विचारलं, ‘तू बौद्ध. अण्णाभाऊ मातंगांचे. तू कशाला त्यांचा बिल्ला करतोस?’ दुसऱ्या बाजूनं एक म्हणाला, ‘आमचा लेखक आम्ही बघून घेऊ.’ अरे, ज्यानं ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्यानं ती विचारून अर्पण केली होती का, की तुम्ही कुणाचे आणि आम्ही कुणाचे? महापुरुषांची वाटणी आपण गावकीच्या वाटणीसारखी करतोय. एकेका आळीला एकेक फोटो. मखमलवाला म्हणूनच येतो. त्याला माहीत आहे कुठल्या आळीत कुठला चेहरा खपतो. त्याच्या बॅगेत दुसरे पुठ्ठे पण होते, मी बघितले, दुसऱ्या चेहऱ्यांचे. किरणं तीच. म्हणूनसुद्धा मला चेहरा नको. हाताची जात सांगा बरं. काकांच्या हाताची सांगा. ते कुठल्या जातीचे ते मी इथं लिहिलेलं नाही, आणि लिहिणार नाही.

तर पाचशे फुकटचे परत गेले. सगळ्यांना पटलं म्हणून नाही. निम्मी पोरं अजून माझ्यावर डाफरतात. आमचे करायला तीन आठवडे रात्री गेल्या. किंमत चाळीस रुपये ठेवली. त्यात पत्रा, तार, गॅस, पिन, आणि दोस्ताच्या मजुरीचे नगावर दहा. तो मजुरी नको म्हणत होता. मी भांडून द्यायला लावली. कारखान्यात त्याला कमी मिळतं म्हणून आपण चळवळीच्या नावाखाली शून्य द्यायचं, हे नाही चालणार. आपल्यातले पुष्कळजण कवीला, चित्रकाराला, ढोलकीवाल्याला असंच राबवतात. जय भीम म्हटलं की हिशेब संपला. अण्णाभाऊलाही लोकांनी असंच वापरलं, डफ वाजवून घेतला आणि घराकडे बघितलं नाही.

पहिले तयार झाल्यावर काकांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी बिल्ला हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला. मग आपला हात त्याच्या शेजारी धरला.

‘माझा उजवा गेला,’ म्हणाले, ‘तुम्ही डावा केलाय.’

शाईचा छाप उलटा येतो हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. उजवा तळहात कागदावर दाबला की कागदावर डावा दिसतो. अकरा नग पुरे झाले होते, सगळे डावे. नुसते कापून ठेवलेले नशिबानं पलटी मारून वापरता आले, कारण खोली आणि गोळी अजून व्हायची होती. काका हसत होते, पण म्हणाले, ‘करायचा तर जो गेला तोच करा.’ आम्ही पुढचे सगळे उजवे केले. अकरा डावे डब्यात पडून आहेत, विकणार नाही.

१ ऑगस्टला एकशे बारा गेले. चौकात एका बाईनं विचारलं, ‘याची बोटं तुटली का? बदलून द्या.’ दोस्तानं तिला तिथंच उभं करून भीमाची अख्खी गोष्ट सांगितली. मागे गिऱ्हाईक ताटकळलं. तिनं बिल्ला घेतला, आणि पुस्तक कुठं मिळेल तेही विचारलं. आमच्याकडे पुस्तक विकायला नव्हतं, हा आमचा गाढवपणा. पुढच्या वेळी बिल्ल्याशेजारी पुस्तक ठेवणार.

सध्या भांडण वेगळंच चाललंय. दोस्त म्हणतो, पोलादी ठसा करून घेऊ, दाबयंत्रावर दिवसाला हजार निघतील, दहा रुपयांत देता येईल, खेड्यापाड्यात जाईल. मी म्हणतो, ठसा झाला की एक दिवस मखमलवाला तोच ठसा विकत घेईल आणि वर सोनं चढवेल. तो म्हणतो, मग काय चार फुटांच्या ओट्यावर बसून चळवळ करायची? त्याचंही खोटं नाही. ठसा कापणाऱ्यानं भाव सांगितलाय, पैसे अजून जमलेले नाहीत. काकांना विचारलं तर म्हणाले, आधी हात उजवा आहे का बघा.